औषधाला न जुमानणाऱ्या पेशी: एका मायकोप्लाझ्मा संसर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत घडलं. संस्था आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रम मात्र तसाच ठेवला आहे. त्या काळात टिश्यू कल्चरच्या, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या, खोलीची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यामुळे पुढे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्या देखरेखीखाली चुकलं.

खोलीत दोन हूड (जंतुविरहित हवेत काम करायची कपाटं) आणि तीन इन्क्युबेटर (पेशी उबेत ठेवायची कपाटं) होते आणि चार गट ती वापरत. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली एक विद्यार्थिनी स्वादुपिंडाच्या कर्करोगावर काम करत होती. या कर्करोगावर जेम्सिटाबीन हे औषध १९९६ पासून वापरात आहे, पण अनेक रुग्णांमध्ये गाठ त्याला लवकरच दाद देईनाशी होते. असं का होतं, हा तिचा प्रश्न होता. त्यासाठी मिया पाका-२ या मानवी पेशींना औषधाची अगदी छोटी मात्रा द्यायची, जगतील त्या वाढवायच्या, मात्रा थोडी चढवायची आणि असं काही महिने करत औषधाला सरावलेल्या पेशी तयार करायच्या, अशी तिची योजना होती. पद्धत जुनी आणि मान्य आहे. शेवटी मूळ पेशी आणि सरावलेल्या पेशी शेजारी ठेवून फरक शोधायचा.

विद्यार्थिनी शिस्तीची होती. मूळ पेशी ती आठवड्यातून दोनदाच, सकाळी सर्वांत आधी, नुकत्याच पुसलेल्या हूडमध्ये हाताळायची आणि वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. सरावाच्या पेशी दुपारी, बाकीच्या कामांबरोबर व्हायच्या. या चांगल्या सवयीनेच पुढे सगळ्यांची दिशाभूल केली, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

अडचण कशी सुरू झाली

दुसऱ्या महिन्यात तिला फायब्रोब्लास्ट, म्हणजे जोडऊतीतल्या आधार देणाऱ्या, पेशी हव्या होत्या. विकत मागवायच्या तर खरेदीची फाईल दोन-तीन महिने फिरणार. शेजारच्या गटाकडे त्या पेशी होत्या. त्यांनी भरलेला फ्लास्क दिला आणि ती तो घेऊन आली. आमच्याकडे पेशींची अशी देवाणघेवाण शेजारच्या घरून विरजण आणावं इतक्या सहज होत असे. त्या पेशी तपासल्या आहेत का, हे तिने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. ज्येष्ठ सरांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या पेशींची तपासणी मागणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवणं, असा एक न बोललेला संकोच सगळ्यांच्याच मनात होता.

सहा-सात आठवड्यांनी सरावाच्या पेशी मंदावल्या. दर दोन दिवसांनी पास (दाट झाल्या की नव्या फ्लास्कमध्ये विभागून) कराव्या लागत, त्या आता तीन-साडेतीन दिवस घेऊ लागल्या. पेशी कमी असूनही मीडिया, म्हणजे पेशी वाढतात तो पोषक द्रव, मात्र लवकर पिवळट पडे, म्हणजे आम्ल होई. ही विसंगती तिने वहीत टिपलेली आहे, त्या पानाखाली माझीही सही आहे. मीडियात घालायच्या एफबीएसची (गाईच्या गर्भाच्या रक्तातल्या सीरमची) नवी बॅच त्याच सुमाराला सुरू झाली होती. आम्ही सीरमवर ठपका ठेवला आणि पुढे गेलो.

संसर्गाचा विचार आला नाही असं नाही. पण संसर्ग म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकस येत असे. अशा जिवाणूंनी रात्रीतून मीडिया ताकासारखा गढूळ होतो, सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके वळवळताना दिसतात, पेशी सुटून तरंगू लागतात. तो फ्लास्क ब्लीच घालून फेकायचा, एवढंच काम उरतं. तिचा मीडिया नितळ होता, पेशी तळाला नीट चिकटलेल्या होत्या, शिवाय सगळ्या बाटल्यांत पेन-स्ट्रेप, म्हणजे पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिन ही प्रतिजैविकं, होतंच. एवढ्यावर आमचं समाधान झालं.

हाती लागलेला निष्कर्ष

पाचव्या महिन्यात निकाल आला. मूळ पेशींपैकी अर्ध्या मारायला जेम्सिटाबीनची सुमारे ३० नॅनोमोलर मात्रा पुरत होती. सरावलेल्या पेशींना १ मायक्रोमोलरही (म्हणजे १००० नॅनोमोलर) पुरेना. रंगावरून जिवंत पेशींचा अंदाज देणाऱ्या एमटीटी चाचणीवर विसंबायला नको म्हणून तिने मेलेल्या पेशींनाच रंगवणारं ट्रिपॅन ब्लू घालून पेशी हाताने मोजल्या. निकाल तोच आला.

मग तिने एक चांगला प्रश्न विचारला: ही ताकद पेशींच्या आत आहे की बाहेर? तिने सरावलेल्या पेशींवरचा वापरलेला मीडिया काढला, सेंट्रिफ्यूज केला आणि मूळ पेशींवर घातला. मूळ पेशीही औषधाला दाद देईनाशा झाल्या. मीडिया साधे जिवाणू अडकवणाऱ्या ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळला तरी परिणाम थोडा कमी झाला, गेला नाही. सिटिडीन डिअमिनेज या एन्झाइमला रोखणारं टेट्राहायड्रोयुरिडीन घातलं, तेव्हा औषध पुन्हा चालू लागलं. हे एन्झाइम जेम्सिटाबीनला निकामी करतं, हे पुस्तकातलं ज्ञान आहे. गोष्ट जुळली. सरावलेल्या पेशी काहीतरी बाहेर सोडतात आणि आजूबाजूच्या पेशींनाही वाचवतात, असं चित्र उभं राहिलं. तिच्या मार्गदर्शक मॅडम खूश होत्या, मीही होतो. एका राष्ट्रीय परिषदेला पोस्टरचा सारांश गेला.

दोन गोष्टी मात्र या चित्रात बसत नव्हत्या. खऱ्या सरावलेल्या पेशींमध्ये बहुधा डीऑक्सिसिटिडीन कायनेज कमी झालेलं असतं, कारण जेम्सिटाबीनला कामाला लावणारं एन्झाइम तेच. तिच्या पेशींत ते अगदी मूळच्याइतकंच होतं. आणि मीडियात डिअमिनेजचा एवढा प्रताप दिसत असताना पेशींमधल्या त्याच्या जनुकाची पातळी मात्र वाढलेली नव्हती. तिने ती तीनदा मोजली, दर वेळी तेच. आम्ही म्हटलं, प्रथिनाच्या पातळीवर काहीतरी होत असेल. आज ती वही उघडली की वाटतं, उत्तर त्याच पानावर होतं. तिचे प्रायमर (मोजायचं जनुक शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) मानवी जनुकाचे होते. जे एन्झाइम काम करत होतं, ते मानवी नव्हतंच.

शंका कुठे आली

शंका काढली ती सहा महिन्यांसाठी आलेल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याने. औषधाने मरणाऱ्या पेशींचं केंद्रक तुकड्या-तुकड्यांनी फुटतं, ते मोजण्यासाठी पेशींना डॅपी हा रंग दिला होता. डॅपी डीएनएला चिकटतो आणि निळा चमकतो. अंधाऱ्या खोलीत ती मोजत होती आणि तो आकडे लिहीत होता. मध्येच त्याने विचारलं, "ताई, हे बारीक ठिपके औषध न दिलेल्या पेशींतही आहेत की. ते धरायचे का?"

तिने मला बोलावलं. मोठ्या लेन्सखाली केंद्रक शाबूत, गोल, गुळगुळीत दिसत होतं. त्याभोवती, जिथे निखळ काळोख असायला हवा तिथे, निळी पूड सांडली होती. रांगोळी चिमटीतून चुकून निसटावी तशी, काही पेशींच्या कडेकडेने दाट, काहींवर विरळ. मूळ पेशींच्या काचेवर असं काहीच नव्हतं, तिथे फक्त केंद्रकं होती. केंद्रकाच्या बाहेर इतका डीएनए पेशीचा असू शकत नाही. मायटोकाँड्रियात थोडा असतो, पण तो असा बाहेरच्या कडेवर रांगेने बसत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जिवाणू ओळखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या १६एस जनुकाची पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणारी चाचणी) लावली. त्यासाठी पेशी आधी पेन-स्ट्रेपशिवाय वाढवून, दाट होऊ देऊन मग मीडिया घ्यायला हवा होता, नाहीतर थोडा संसर्ग नजरेतून सुटतो. आम्हाला तेवढा धीर नव्हता. आहे तोच मीडिया तपासला आणि तरीही जिवाणूच्या डीएनएचा पट्टा ठळक आला. तो तुकडा सिक्वेन्सिंगला पाठवला. उत्तर आलं: मायकोप्लाझ्मा हायोरायनिस.

जिवाणूने नेमकं काय केलं होतं

मायकोप्लाझ्मा हा जिवाणूच, पण त्याला पेशीभित्तिका नसते. पेनिसिलीन घाव घालतं ते भित्तिकेवर, त्यामुळे इथे त्याला कामच उरत नाही. स्ट्रेप्टोमायसिनलाही याच्या अनेक जाती दाद देत नाहीत. भिंत नसल्यामुळे अंग लवचिक, आकार बहुधा एक मायक्रॉनहून कमी, म्हणून ०.२२ च्या फिल्टरमधूनही तो दबून निसटू शकतो. मीडियाच्या एका मिलिलीटरमध्ये हे जिवाणू दहा लाखांपासून दहा कोटींपर्यंत असू शकतात आणि तरी मीडिया गढूळ होत नाही. कर्करोगाच्या पेशींवरच्या संशोधनात हा पाहुणा नवा नाही. मानवी पेशींच्या कल्चरमध्ये त्याचा संसर्ग पहिल्यांदा नोंदवला गेला १९५६ मध्ये. हेला, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या पहिल्या मानवी पेशी, वाढू लागल्या १९५१ मध्ये, म्हणजे त्याला पुरती पाच-सहा वर्षंही झाली नव्हती.

मायकोप्लाझ्माचा जिनोम फार छोटा. त्याला बऱ्याच गोष्टी स्वतः बनवता येत नाहीत, म्हणून तो त्या यजमान पेशीकडून घेतो. अमिनो आम्लं, कोलेस्टेरॉल आणि डीएनएचे सुटे भाग तो ओढून घेतो. काही जाती मीडियातलं आर्जिनिन संपवतात, काही साखर आंबवून आम्ल करतात. पेशी मरत नाही, पण तिचं वागणं बदलतं. शेकडो जनुकांची पातळी खाली-वर होते, दाहाचे संदेश सुरू होतात, वाढ मंदावते. म्हणून तो साध्या जिवाणूपेक्षा मला जास्त घातक वाटतो. साधा जिवाणू प्रयोग संपवतो, तर हा प्रयोग चालू ठेवतो आणि उत्तरं स्वतः देतो.

आमच्या प्रकरणात त्याने दिलेलं उत्तर होतं सिटिडीन डिअमिनेज. डीएनएचे सुटे भाग मिळवण्यासाठी त्याच्याकडे अशी एन्झाइम असतात आणि जेम्सिटाबीन दिसायला सिटिडीनसारखं असल्यामुळे तेही त्याच्या तोंडात सापडतं. फ्लास्कमध्ये घातलेलं औषध पेशींपर्यंत पोचण्याआधीच बिनकामाचं होत होतं. पेशी जगल्या की आम्ही मात्रा चढवायचो, त्या पुन्हा जगायच्या. पाच महिने आम्ही पेशींना सरावत नव्हतो, औषध पचवणारा जिवाणू पोसत होतो. आणि मूळ पेशी सकाळी वेगळ्या हाताळल्या जात असल्यामुळे स्वच्छ राहिल्या होत्या. दोन्ही फ्लास्क बिघडले असते तर फरकच दिसला नसता आणि कदाचित शंका लवकर आली असती.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी मॅडमच्या केबिनमध्ये आम्ही चौघं बसलो. सरावलेल्या पेशी प्रतिजैविकं देऊन वाचवाव्यात, हे पहिल्यांदा निघालं. मायकोप्लाझ्मावर चालणारी औषधं आहेत, टेट्रासायक्लिन, क्विनोलोन आणि मॅक्रोलाइड गटांतली. ती साधारण दोन आठवडे द्यायची, मग आणखी दोन आठवडे औषधाशिवाय वाढवून पुन्हा तपासायचं. पाच महिन्यांचं काम जपण्याचा तेवढा एकच रस्ता दिसत होता. तोटा असा की या औषधांनी पेशींनाही ताण बसतो, शेवटी उरतात त्या निवडून उरलेल्या, आणि आपण काय निवडलं ते कळत नाही.

सगळं नष्ट करून गोठवलेल्या जुन्या व्हायलपासून (पेशी साठवायच्या छोट्या कुपीपासून) सुरुवात करणं हा दुसरा रस्ता. पण कुठली व्हायल स्वच्छ आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

तिसरी सूचना जास्त वेळ चर्चेत राहिली. संसर्गालाच प्रकल्प का करू नये? ही कल्पना वेडी नव्हती. इस्रायलच्या वाइझमान संस्थेच्या गटाने २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखवलं होतं की स्वादुपिंडाच्या ११३ गाठींपैकी ८६ मध्ये जिवाणू सापडले आणि अशा जिवाणूंचं डिअमिनेज जेम्सिटाबीन निकामी करू शकतं. त्यांच्याही शोधाची सुरुवात मायकोप्लाझ्मा हायोरायनिसने बाधित फायब्रोब्लास्टच्या मीडियापासूनच झाली होती. तो पेपर आम्हाला आधी सापडायला हवा होता. आम्ही वाचन केलं होतं ते 'पेशी बाहेर काय सोडतात' या शब्दांभोवती, जिवाणू हा शब्द आमच्या शोधात कधी आलाच नाही. मॅडमनी ही सूचना नाकारली आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. त्या गटाने संसर्ग ओळखला, वेगळा केला, मग ठरवून प्रयोग आखले. आमच्याकडे संसर्ग कधी झाला, किती होता, कोणत्या आकड्यात किती मिसळला, याचा हिशेबच नव्हता.

चौथा रस्ता कुणी सुचवला नाही, पण तो खोलीत होता. पोस्टरचा सारांश गेलेला होता आणि आकडे खरोखर मोजलेले होते. गप्प बसलं असतं तर कुणाला कळलं नसतं. विद्यार्थिनीनेच विचारलं, "मॅडम, सारांश मागे घ्यायचा ना?" मॅडम म्हणाल्या, "आजच मेल कर. कारणही लिही."

काय केलं

सारांश त्याच रात्री मागे घेतला. दुसऱ्या दिवशी खोली बंद केली आणि चारही गटांचे सगळे फ्लास्क तपासले. सव्वीसपैकी नऊ पॉझिटिव्ह निघाले. ते ऑटोक्लेव्ह करून टाकले. उघडलेल्या मीडियाच्या, ट्रिप्सिनच्या (तळाला चिकटलेल्या पेशी सोडवणाऱ्या एन्झाइमच्या), सीरमच्या बाटल्याही टाकल्या. ते पैसे गेले याचं त्या वेळी फार वाटलं. हूड, इन्क्युबेटरची पाण्याची ताटली, पिपेट, हिमोसायटोमीटर, सूक्ष्मदर्शकाचा मंच, सगळं पुसून काढलं. १९७६ साली मॅकगॅरिटी यांनी केलेला एक प्रयोग तेव्हा मी सगळ्यांना वाचायला दिला. त्यांनी मुद्दाम बाधित केलेल्या पेशी हूडमध्ये ट्रिप्सिन देऊन पास केल्या. हूडच्या पृष्ठभागावर जिवंत मायकोप्लाझ्मा चार ते सहा दिवसांनीही मिळाला, आणि त्याच हूडमध्ये आठवड्यातून एकदा हाताळलेलं स्वच्छ कल्चर सहा आठवड्यांत बाधित झालं. आमच्या सरावाच्या पेशीही फायब्रोब्लास्ट आल्यानंतर सहा-सात आठवड्यांनीच मंदावल्या होत्या. एवढ्यावरून उगम सिद्ध होत नाही. हायोरायनिस हा मुळात डुकरांमधला जिवाणू, एके काळी तो डुकरापासून काढलेल्या ट्रिप्सिनमधूनही पसरे. पण आमची ट्रिप्सिनची न उघडलेली बाटली निगेटिव्ह आली आणि आणलेल्या फायब्रोब्लास्टची गोठवलेली व्हायल पॉझिटिव्ह.

शेजारच्या सरांना सांगणं हे सगळ्यात अवघड काम होतं. मी विद्यार्थिनीला नेलं नाही, एकटाच गेलो. आरोप करायचा नाही, पीसीआरचा फोटो दाखवायचा आणि तुमचे फ्लास्क आम्ही तपासून देतो म्हणायचं, असं ठरवून गेलो होतो. सर बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "या पेशी आमच्याकडे सहा वर्षं आहेत." त्यांच्या सात फ्लास्कपैकी पाच पॉझिटिव्ह निघाले. २०१५ मध्ये सार्वजनिक संग्रहातल्या आरएनए सिक्वेन्सिंगच्या ८८४ प्रकल्पांची छाननी झाली होती, त्यातल्या ११ टक्क्यांत मायकोप्लाझ्माच्या खुणा सापडल्या होत्या. तो आकडा मी त्यांना सांगितला, कारण त्यांना एकटं पडल्यासारखं वाटू नये.

परिणाम

गोठवलेल्या व्हायलींपैकी पहिल्या सात आठवड्यांतल्या तीन स्वच्छ निघाल्या. सरावलेल्या पेशींचा एक फ्लास्क वेगळ्या खोलीत, केवळ उत्तर मिळवण्यासाठी, प्रतिजैविकं देऊन स्वच्छ केला. जिवाणू गेला तसा सरावही गेला. मात्रा पुन्हा मूळ पेशींच्या जवळपास आली आणि त्यांच्या मीडियातला वाचवण्याचा गुणही नाहीसा झाला.

विद्यार्थिनीने स्वच्छ व्हायलीपासून पुन्हा सुरुवात केली. नऊ महिने लागले. या वेळी सराव आला तो माफक, जेमतेम आठपट, आणि या पेशींत डीऑक्सिसिटिडीन कायनेज कमी झालेलं होतं. निकाल साधा होता, इतरांनी आधी दाखवलेल्या निकालांच्या जवळचा. तिच्या प्रबंधात तो आहे, आणि पहिल्या पाच महिन्यांची हकिगतही एका छोट्या प्रकरणात आहे. ते प्रकरण ठेवावं की नाही यावर समितीत वाद झाला. तिने ते काढलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

उशीर कुठे झाला हे शोधताना मी डॅपीच्या काचेपाशी थांबत नाही. माझ्या मते पहिला खरा क्षण वहीतलं ते पिवळट मीडियाचं पान. पेशी कमी आणि आम्ल जास्त, म्हणजे फ्लास्कमध्ये आणखी कुणीतरी खातंय. सीरमवर ठपका ठेवण्याआधी जुन्या बॅचचं सीरम घालून बघणं दोन दिवसांचं काम होतं. दुसरा क्षण गाळलेल्या मीडियाचा. औषध पचवण्याची ताकद एका फ्लास्कमधून दुसऱ्यात ओतता येते म्हटल्यावर 'ओतलं जाणारं काहीतरी जिवंत तर नाही ना' हा प्रश्न त्याच दिवशी यायला हवा होता. तो न येण्याचं कारण अज्ञान नव्हतं, आम्हाला मायकोप्लाझ्मा माहीत होता. निकाल सुंदर होता, म्हणून आम्ही तो फक्त पुढे नेणारे प्रयोग केले, मोडून बघणारे केले नाहीत.

पेन-स्ट्रेप आम्ही रोजच्या मीडियातून काढून टाकलं. त्यामुळे हातातली ढिलाई लगेच गढूळ मीडियाच्या रूपात दिसते. पहिल्या महिन्यात चार फ्लास्क गेले, मग थांबलं. बाहेरून आलेल्या पेशी, कुणाच्याही असोत, कोपऱ्यातल्या छोट्या इन्क्युबेटरमध्ये राहतात आणि दोन तपासण्या निगेटिव्ह आल्यावरच आत येतात. हा नियम दारावर लावल्यापासून कुणाला कुणाकडे संकोचाने विचारावं लागत नाही. तपासणी दर महिन्याला ठरलेल्या दिवशी होते.

एक गोष्ट अजून मिटलेली नाही. त्या पाच महिन्यांत आमच्या खोलीतून दोन बाहेरच्या गटांना पेशी गेल्या होत्या. मी दोघांनाही फोन केला. एका गटाने तपासलं, पॉझिटिव्ह निघालं, त्यांनी सगळं टाकलं. दुसऱ्या गटाने त्या व्हायली द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या होत्या आणि वापरल्या नव्हत्या. टाकून देतो म्हणाले. तिसऱ्या फोनला कळलं की ज्याने त्या ठेवल्या तो मुलगा नोकरी सोडून गेलाय आणि कुठल्या डब्यात ठेवल्या ते सापडत नाही. व्हायलींवरचे क्रमांक आणि तारखा मी त्यांना लेखी पाठवल्या आहेत.